चोवीस मेगापिक्सेलचा शिधा

आपल्याकडे कुणी कॅमेरा घ्यायचा म्हटला, की 'कशाचे फोटो काढणार?' असं त्याला कोणी विचारत नाही. विचारतात, 'निकॉन की कॅनन?' हल्ली त्यात सोनीवाले आलेत, ते बोलतात जास्त. फुजीवाले संख्येने थोडे, पण रंगांतलं काय ते आपल्यालाच कळतं अशा समजुतीत असतात. यावर नवख्याने 'अजून काही ठरवलं नाही' असं म्हटलं, की समोरच्याची कळी खुलते. त्याची संध्याकाळ सत्कारणी लागलेली असते.

आमच्या साडूंनी निवृत्तीनंतर कॅमेरा घ्यायचं मनावर घेतलं, तेव्हा अशा बऱ्याच जणांच्या संध्याकाळी सत्कारणी लागल्या. साडू डोंबिवलीचे. उभा जन्म बँकेच्या कर्ज विभागात गेला. तारण, दोन जामीनदार आणि सातबारा बघितल्याशिवाय समोरच्याला 'बसा'सुद्धा म्हणायचं नाही, असा खाक्या. त्यांनी कॅमेऱ्याची फाइल उघडली. खरोखरची, पुठ्ठ्याची, नाडी बांधायची. आत हाताने आखलेला तक्ता: मॉडेल, सेन्सर, वजन, बॅटरी, सर्व्हिस सेंटर घरापासून किती लांब, आणि शेवटी 'शेरा'. एका नामांकित कॅमेऱ्यापुढे शेरा होता, 'मेन्यू क्लिष्ट. पत बरी.'

फाइल जाड झाली ती फुल फ्रेमच्या मुद्द्यावर. फुल फ्रेम म्हणजे ३६ बाय २४ मिमीचा सेन्सर. हेच माप का, तर ऑस्कर बार्नाक नावाच्या जर्मन तंत्रज्ञाला दमा होता. त्या काळचे काचेच्या प्लेटांचे अवजड कॅमेरे घेऊन डोंगर चढणं त्याला झेपेना. म्हणून त्याने सिनेमाची ३५ मिमी फिल्म आडवी धावेल असा छोटासा कॅमेरा केला आणि सिनेमाच्या दोन चौकटींची जागा एका फोटोला दिली. तो लायका १९२५ साली बाजारात आला. पुढे फिल्म गेली, माप राहिलं. आणि एका दमेकरी माणसाचं ओझं कमी व्हावं म्हणून जन्मलेल्या या मापापायी आज धडधाकट माणसं पाठीवर सात-सात किलो लादून राजगड चढतात आणि बालेकिल्ल्याच्या पायथ्याशी दम्याच्या रोग्यासारखी धापा टाकत बसतात.

फुल फ्रेमहून लहान तो क्रॉप सेन्सर. सेन्सर लहान, म्हणून चित्राच्या कडा कापल्या जातात आणि दृश्य जवळ आल्यासारखं वाटतं. निकॉन-सोनीत दीडपट, कॅननमध्ये १.६ पट. म्हणजे ५० मिमीची लेन्स ७५ ची असल्यासारखं दाखवते. जाणकारांनी साडूंना हे 'तोटा' म्हणून समजावून सांगितलं. साडूंना त्यात फक्त 'दीडपट' एवढंच ऐकू आलं. पन्नास ठेवून पंचाहत्तर मिळत असतील तर सोडा कशाला? क्रॉप सेन्सर मंजूर झाला.

मेगापिक्सेलचा प्रश्न त्यांच्या जावयाने काढला. जावयाच्या फोनला २०० मेगापिक्सेल, आणि सासरे फोनच्या तिप्पट पैसे मोजून चोवीस आणणार! मुलगी दिलेल्या घरी असं काही बोलता येत नाही, त्यामुळे साडू गप्प राहिले आणि त्यांनी कागद घेतला. ६००० गुणिले ४००० म्हणजे चोवीस दशलक्ष ठिपके. इंचाला ३०० ठिपके धरले, तर वीस इंच रुंदीचा फोटो छापता येतो. घरातल्या फोरके टीव्हीला लागतात जेमतेम ८.३ मेगापिक्सेल. आणि नखाएवढ्या सेन्सरवर दोनशे दशलक्ष ठिपके कोंबणारा तो फोन तरी काय करतो? एरवी फोटो काढताना सोळा-सोळा ठिपक्यांचा एक करून साडेबारा मेगापिक्सेलचाच फोटो हातावर ठेवतो. कागदाच्या तळाशी साडूंनी लिहिलं, 'मागणी २००. प्रत्यक्ष उचल १२.५.' जावयाला कागद दाखवला नाही, फाइलला लावला.

सगळ्यात पहिला डिजिटल कॅमेरा कोडॅकच्या स्टीव्हन सॅसनने १९७५ साली केला. तो १०० बाय १०० ठिपक्यांचा होता, म्हणजे ०.०१ मेगापिक्सेल. वजन साडेतीन किलोच्या पुढे, आणि एक कृष्णधवल फोटो कॅसेटवर उतरायला २३ सेकंद. कोडॅकच्या वरिष्ठांनी त्यात फारसा रस घेतला नाही. जानेवारी २०१२ मध्ये कोडॅकने दिवाळखोरीचा अर्ज केला. साडू ही गोष्ट अजून बँकेतल्या जुन्या सहकाऱ्यांना सांगतात, पण त्यातल्या कॅमेऱ्यासाठी नव्हे, दिवाळखोरीसाठी.

खरेदीला मी बरोबर होतो. फोर्टातलं बोरा बाजार. सीएसएमटीला उतरून पाच मिनिटांवरच्या त्या गल्लीत कॅमेऱ्याची दुकानं दाटीवाटीने उभी आहेत, आणि दुकानाबाहेर उभा असलेला पोऱ्या गिऱ्हाइकाची चाल बघून त्याचं बजेट ओळखतो. आत एक खुर्ची, चार गिऱ्हाइकं.

"काका, मिररलेस घ्या. डीएसएलआर मेलं आता."

"मग हे पाच कशाला मांडलेत?"

"घेणारे येतात ना, काका."

दुकानदार खोटं बोलत नव्हता. २०१८ साली निकॉन आणि कॅनन दोघांनीही मिररलेससाठी, म्हणजे आत आरसा नसलेल्या कॅमेऱ्यांसाठी, नवी माउंट काढली. माउंट म्हणजे लेन्स जिथे चढते ती कडी. तिथे जन्माची गाठ पडते, कारण एका कंपनीची लेन्स दुसरीच्या बॉडीवर सरळ बसत नाही. बॉडी चार वर्षांत जुनी होते, पण लेन्सा माणसाला धरून ठेवतात. निकॉनने १९५९ ची आपली कडी साठ वर्षं टिकवली होती. कॅननने १९८७ सालीच एकदा जुनी मोडून नवी घातली, तेव्हा ज्यांच्या लेन्सा एका रात्रीत पोरक्या झाल्या त्यांतले काही जण अजून तो विषय काढतात. साडूंचा विचार सरळ होता. जे मेलं आहे ते स्वस्त झालं असणार. त्यांनी मयत वर्गातला निकॉन निवडला.

"बिल पाहिजे का काका? बिलाशिवाय सहा हजार कमी."

चौतीस वर्षं कर्जखात्यावर काढलेल्या माणसाला असा प्रश्न विचारू नये. साडूंनी बिल घेतलं, वॉरंटी कार्डावर शिक्का घेतला, बॉडीचा नंबर बिलावरच्या नंबराशी दोनदा ताडून पाहिला, आणि मग फुकटातली बॅग, फुकटातलं कार्ड, फुकटातला ट्रायपॉड अशी दक्षिणा पदरात पाडून घेतली. हा फुकटातला ट्रायपॉड महाराष्ट्रात घरोघर आहे. त्याच्यावर कॅमेरा सोडून काहीही ठेवता येतं.

किट लेन्सबरोबर आणखी एक घ्या, असं दुकानदाराने सुचवलं. "काका, निफ्टी फिफ्टी घेऊन टाका."

"ती चालू आहे आमची," साडू म्हणाले. "दर महिन्याला पाच तारखेला जाते."

ती एसआयपी नसून ५० मिमी, एफ १.८ ची लेन्स आहे, हे कळायला थोडा वेळ गेला. माझ्या मते या सगळ्या बाजारात पैशाला जागणारी हीच एक वस्तू. हलकी, स्वस्त, अंधाऱ्या खोलीतसुद्धा माणसाचा चेहरा नीट उतरवणारी. आँरी कार्तिए-ब्रेसाँने बहुतेक काम ५० मिमीवरच केलं. पण स्वस्त लेन्स लावून चारचौघांत मान मिळत नाही. एफचा आकडा म्हणजे लेन्सच्या नाभीय अंतराला तिच्या भोकाच्या रुंदीने भागून येणारी संख्या. पन्नासला १.८ साठी २८ मिमीचं भोक पुरतं. ६०० मिमीला एफ ४ हवा असेल तर १५० मिमी, म्हणजे जवळजवळ सहा इंचांची काच पुढे लागते, आणि मग किंमत दहा लाखांच्या पुढे जाते. मान त्या काचेला असतो.

साडू मधल्या वाटेवर थांबले: २००-५०० मिमी, दोन किलो तीनशे ग्रॅम. ती घेऊन आम्ही भिगवणला रोहित पक्षी बघायला गेलो. उजनीच्या पाण्यावर अजून धुकं होतं. काठावर जमलेल्या मंडळींना पक्षी दिसायच्या आधी एकमेकांच्या लेन्सा दिसल्या आणि नजरेनेच ज्येष्ठता ठरून गेली. होडीवाला पिढीजात मासेमार, पण आता त्याची नजरही तयार झालेली.

"साहेब, केवढ्याची लेन? पाश्शे? मग हितनंच घ्या. दोनशेवाल्यांला लई आत न्यावं लागतं, पाखरू उठतं."

होडी थांबली. पाणी पायांनी ढवळत, चोच उलटी बुडवून रोहित शांतपणे खात होते. एकाएकी सगळा थवा उठला आणि पंखांखालचा तो लाल-काळा रंग पसरला. त्याबरोबर सगळ्या होड्यांतून कटकटकटकट असा आवाज. कुणी 'वा' म्हणालं नाही. थवा पलीकडे उतरला तेव्हा सगळ्यांच्या माना खाली, कॅमेऱ्याच्या पाठीवरच्या पडद्यात. 'काय सुंदर होतं हो!' असं आमच्या होडीत फक्त ताईच म्हणाल्या. त्यांच्याकडे कॅमेरा नव्हता.

ताई म्हणजे साडूंच्या मंडळी, माझ्या बायकोच्या थोरल्या बहीण. पहिल्या पावसाळ्यात त्यांच्या घरात ड्राय कॅबिनेट आलं. डोंबिवलीच्या दमट हवेत लेन्सच्या आत बुरशी धरते. बॅटरीच्या उजेडात लेन्स तिरपी धरली की कोळिष्टकासारखे पांढरे बारीक धागे दिसतात, आणि एकदा त्यांनी काचेवरचा लेप खाल्ला की साफ करूनही डाग जात नाही. म्हणून काचेचं दार, आत दिवा, आणि आर्द्रता चाळीस ते पन्नास टक्क्यांत ठेवणारं यंत्र असं ते कपाट झोपायच्या खोलीत बसलं. बाहेर चादरींना कुबट वास, लोणच्याला बुरा, भिंतीला ओल. आत २००-५०० सुखात. ताई एकदाच बोलल्या, "माझं पैठणीचं कपाट त्याच भिंतीला आहे, अहो. आठवण म्हणून सांगितलं."

एवढं सगळं झाल्यावर फोटो निघतो. आणि तो निघतो रॉमध्ये.

हौशी माणसाने एकदा कुणाकडून तरी ऐकलेलं असतं की खरे फोटोग्राफर रॉमध्ये काढतात. झालं, जेपीईजी त्या दिवसापासून वर्ज्य. त्यात तथ्य आहे, नाही असं नाही. सेन्सरला रंग कळत नाही, त्याला फक्त उजेड मोजता येतो. म्हणून कोडॅकच्याच ब्राइस बायरने एक जाळी काढली, तिचं पेटंट १९७६ चं. प्रत्येक ठिपक्यावर लाल, हिरवा किंवा निळा यांतला एकच चष्मा. निम्मे ठिपके हिरवे, कारण आपल्या डोळ्याला हिरव्यातलं बारीक जास्त कळतं. म्हणजे प्रत्येक ठिपक्याला स्वतःचा एक रंग ठाऊक, उरलेले दोन शेजाऱ्यांकडे चौकशी करून अंदाजाने भरायचे. जेपीईजीत हा अंदाज, रंग, उजेड, धार सगळं कॅमेराच उरकून टाकतो आणि प्रत्येक रंगाच्या २५६ छटा ठेवून बाकीचं फेकून देतो. चौदा बिटांच्या रॉमध्ये १६,३८४ पायऱ्या जशाच्या तशा राहतात. जेपीईजी म्हणजे वाढलेलं ताट, रॉ म्हणजे कोरडा शिधा: तांदूळ, डाळ, तूप, गूळ, सगळं उत्तम प्रतीचं, आणि चूल ज्याची त्याने पेटवायची.

आमच्या घराण्यात अशी चूल पेटायची वेळ आली ती पुतणीच्या लग्नात. साडूंच्या धाकट्या भावाची मुलगी. कंत्राटी फोटोग्राफर होताच, पण काकांनी 'मीही काढतो' म्हटल्यावर नको कोण म्हणणार? अंतरपाट धरला तेव्हा स्टेजवर भटजी, मामा, दोन व्हिडिओवाले, ड्रोनचा मुलगा आणि साडू. आम्हा अक्षता टाकणाऱ्यांना नवरानवरी दिसली नाहीत. साडूंची पाठ मात्र स्पष्ट, अगदी फोकसमध्ये. मंगलाष्टकं संपायच्या आत मावसभावाच्या मोबाइलवरचा फोटो कुटुंबाच्या ग्रुपवर आला आणि त्यावर सत्तर हात जोडले गेले. साडू शांत होते. त्यांच्याकडे रॉ होते. तीन हजार फोटो, प्रत्येकी २८ एमबी, एकूण ८४ जीबी.

आठवड्याने नवरीच्या आत्याबाईंनी आग्रह केला म्हणून त्यांनी त्यातले चार व्हॉट्सअ‍ॅपवर डॉक्युमेंट म्हणून धाडले. आत्याबाईंचा सांगलीहून फोन. "अरे, काय पाठवलंयस? उघडत नाही, आणि फोन तापलाय." निकॉनची रॉ फाइल एनईएफ, कॅननची सीआर३, सोनीची एआरडब्ल्यू, फुजीची आरएएफ, प्रत्येकाचं कुलूप वेगळं. सगळ्यांना चालेल असं डीएनजी अडोबीने २००४ सालीच काढलं होतं. लायका, पेंटॅक्स अशा मोजक्यांनी ते घेतलं, मोठ्यांनी दार उघडलं नाही. आत्याबाईंच्या भाच्याने कसंबसं एक कुलूप काढलं, तर आतला फोटो फिका. रॉ फिकाच असतो, त्यावर अजून काही चढवलेलं नसतं. सांगलीत बातमी पसरली ती अशी, की एवढा महागाचा कॅमेरा घेतला पण फसवलं बिचाऱ्याला.

मग साडू सॉफ्टवेअरकडे वळले. लाइटरूम २००७ पासून आहे, पण २०१७ नंतरची नवी आवृत्ती विकत मिळत नाही. महिन्याचं भाडं भरायचं. "म्हणजे मालकी कधीच नाही?" साडूंनी विचारलं. मालकीहक्काचा कागद नसलेल्या मालमत्तेत पैसे घालणं त्यांच्या तत्त्वात बसेना. त्यांनी फुकटचं डार्कटेबल घेतलं. त्याची बटणं, सरकपट्ट्या आणि आलेख बघून ताईंना वाटलं हे परत नोकरीला लागले.

पहिलाच फोटो शालूचा. हॉलमध्ये वरून पिवळा दिवा, बाजूला जांभळी एलईडी माळ, समोरून व्हिडिओवाल्याचा पांढरा झोत. साडूंनी पट्टी ३२०० केल्व्हिनवर नेली. ताई मागे उभ्या. "हा निळा दिसतोय. शालू मोरपंखी होता." पट्टी ४५०० वर. "आता शेवाळी झाला." मग माझ्या बायकोला फोन. तिच्या मते शालू रामा रंगाचा. नवरीच्या आईला विचारलं, तर त्या म्हणाल्या दुकानदाराने 'फिरोजी' सांगितला होता. जेपीईजी असता तर कॅमेऱ्याने काय तो एक रंग ठरवून विषय मिटवला असता. रॉमध्ये व्हाइट बॅलन्स पुसट टीप म्हणून सोबत असतो. तो केव्हाही बदलता येतो, सहा महिन्यांनी आणि सहा वर्षांनीसुद्धा. ही रॉची थोरवी. त्यामुळे त्या शालूचा रंग आजतागायत ठरलेला नाही, आणि त्याच्यापुढचे दोन हजार नऊशे नव्व्याण्णव फोटो रांगेत आहेत.

रॉला पुरावा म्हणून मोठी किंमत आहे असं साडू सांगतात, तेही खरं. वन्यजीव छायाचित्रांच्या मोठ्या स्पर्धांत अंतिम फेरीला रॉ मागतात. तरी लंडनच्या नॅचरल हिस्टरी म्युझियमच्या स्पर्धेत २०१७ साली बक्षीस मिळालेला ब्राझीलचा मुंगीखाऊ पुढे पेंढा भरलेला ठरला. म्युझियमने २०१८ मध्ये बक्षीस काढून घेतलं. उलट रॉयटर्सने २०१५ साली बाहेरच्या छायाचित्रकारांना कळवलं, की रॉवरून बनवलेले फोटो पाठवू नका, कॅमेऱ्यातून थेट निघालेले जेपीईजी द्या. बातमीवाल्यांना फोटो वेळेवर लागतात आणि शिजवताना कोणी मीठमसाला घातलेला नको असतो. लग्नघराची गरज फारशी वेगळी नाही.

राहता राहिली साठवण. छायाचित्रकार पीटर क्रोघ यांनी रूढ केलेला ३-२-१ चा नियम साडूंनी तंतोतंत पाळला. प्रती तीन, माध्यमं दोन, आणि एक प्रत घराबाहेर. घराबाहेरची प्रत आमच्याकडे आहे. बँकेच्या जुन्या लाखबंद पाकिटात हार्ड डिस्क, वर तारीख आणि सही. आमच्या कपाटात एफडीच्या पावत्यांशेजारी ती असते आणि दर दिवाळीला साडू येऊन पाकिटाचं सील तपासतात. आग, पूर, चोरी आणि नातेवाईक या चारही आपत्तींपासून ते तीन हजार फोटो आज पूर्ण सुरक्षित आहेत.

छत्तीस फोटोंच्या रोलचा काळ सोन्याचा होता असं मी म्हणणार नाही. गणपतीत घातलेला रोल दिवाळीत संपायचा, शेवटचे तीन संपवायला शेजारच्या मांजराला बसवावं लागायचं, आणि धुऊन आल्यावर त्यातले निम्मे हललेले. पण ते पाकीट स्टुडिओतून घरी यायचं.

पुतणीला परवा मुलगी झाली. बाळाच्या बारशाचं आमंत्रण करताना तिने काकांकडे लग्नाच्या फोटोंची चौकशी केली. "घाई करू नकोस," काका म्हणाले, "रॉ आहेत." बारशालाही ते कॅमेरा घेऊन येणार आहेत, असं त्यांनी आपणहून सांगितलं.

ज्यांच्या घरी कार्य आहे आणि नात्यात असा कोणी हौशी आहे, त्यांनी त्याला येऊ द्यावं. माणसं गुणी असतात. फक्त अंतरपाट धरण्याआधी त्याच्या कॅमेऱ्याचा मेन्यू उघडून 'रॉ + जेपीईजी' हा पर्याय लावून घ्यावा, तो प्रत्येक चांगल्या कॅमेऱ्यात असतो. आणि पंगत बसण्यापूर्वी, तो हात धुवायला गेला की कार्डातले जेपीईजी लॅपटॉपवर उतरवून घ्यावेत. रॉ त्याचे त्याला राहू द्यावेत.